कूलरपुढची जागा

बंद पडलेल्या प्रयोगशाळेतून सोडवलेल्या दोन गिनीपिग माद्या, एक पांढरी, एक तपकिरी, यज्ञेश्वररावांनी एप्रिलात शंकर नगरच्या घरी आणल्या. बायको गेल्यापासून घर मुकं होतं. आता ही जोडी त्यांची चाहूल लागताच शीळ घालायची. मे महिन्यात रायपूर तापलं, तेव्हा त्यांनी आपली खाट बाजूला ओढली आणि पिंजरा थेट कूलरपुढे ठेवला. घरातली ती मानाची जागा. पाहुण्याला देतात तशी त्यांनी दिली.

पाचव्या दिवशी पांढरी मेली. तपकिरीची छाती घरघरू लागली. त्यांनी गिनीपिग पाळण्याचं पुस्तक काढलं. आजवर त्यातलं खाण्याचं प्रकरणच तेवढं वाचलं होतं. ओला, गार झोत या जिवांच्या फुप्फुसांना बाधतो, असं पुढच्याच पानावर छापलेलं.

माद्या सोडवून आणणाऱ्या यामिनीने आधीच बजावलं होतं, चूक दिसली तर परत नेईन. खरं सांगितलं तर तपकिरी जाणार. ऊन लागलं म्हणावं, तर डॉक्टर भलतंच औषध देणार. तासभर घुटमळून त्यांनी यामिनीला फोन लावला.

"मीच मारलं वं तिले. कूलरपुढे ठेवून राहिलो होतो."

यामिनी लगेच आली. "काका, मुझसे पूछ तो लेते."

"मले वाटलं, मले समजते."

तिने तपकिरीला टॉवेलात गुंडाळलं. "बच गई, तो भी वापस नहीं दूँगी. बुरा मत मानना."

"हव," म्हणत त्यांनी दार उघडून धरलं. ती घरघर जिन्यावरून खालपर्यंत ऐकू येत राहिली.