शकुनच्या डाव्या डोळ्यातला मी

मी एक फार जुना जीन आहे, मित्रांनो. किती जुना ते विचारू नका. माणूस दोन पायांवर चालू लागला, तेव्हाच मी नोकरीत मुरलेला होतो. शाळेच्या पुस्तकात मला जनुक म्हणतात. माझ्यापाशी एकच पाककृती आहे, इंटरफेरॉन नावाच्या प्रथिनाची. पेशीत विषाणू शिरला की मी जागा होतो, ते प्रथिन तयार होते आणि शेजारच्या पेशींना जाऊन सांगते, "आमच्याकडे चोर शिरलाय, तुम्ही कड्या लावा." एवढेच काम. एरवी मी झोपून असतो.

शकुनला मी तिच्या आईकडून मिळालो. नाक तिला वडिलांकडून मिळाले आणि बारशाला सगळ्यांनी नाकाचेच कौतुक केले. माझे नावही कोणी काढले नाही. तिच्या कोट्यवधी पेशींत माझ्या प्रती आहेत. मी मुक्कामाला होतो डाव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ पडद्यात.

१९७१ साल. कलकत्त्यात डोळे येण्याची एवढी साथ होती की लोकांनी तिला बांगलादेशाच्या मुक्तिलढ्यातल्या घोषणेचेच नाव दिले होते, 'जय बांगला'. बागबाजारातल्या शकुनच्या घरी मात्र तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतल्या नाटकाची धांदल चालली होती. तिचे वडील श्यामराव बँकेत अधिकारी आणि नाटकात राजा. तीन वर्षांत त्यांनी एकही वाक्य पाठ केले नव्हते. विंगेतून बारा वर्षांची शकुन वाचायची आणि राजा गर्जायचा. मंडळात झरझर मराठी वाचणारे दुसरे मूलच नव्हते.

नाटकाला पाच दिवस उरले असताना खालच्या मजल्यावरची सुचित्रा लाल डोळे घेऊन आली. कालिंदीआत्याने घरच्या काजळाची डबी उघडली आणि तिच्या डोळ्यांत बोट फिरवले.

"आत्या, तिचे डोळे आलेत गं!" शकुन म्हणाली.

"म्हणून तर घालतेय. ये, तुलाही घालते. आधी घातलं की येत नाहीत."

बोट तेच होते. त्या बोटावरून विषाणू थेट माझ्या पेशीत उतरला.

बारा वर्षांची झोप मोडून मी कामाला लागलो. इंटरफेरॉन शेजारी पोहोचले. एकेका पेशीने आतली कामे आवरती घेतली, विषाणूच्या प्रती फाडायची हत्यारे काढली. काय शिस्त होती म्हणून सांगू! पण माझी पेशी वाचणार नव्हती. जो हाक घालतो, त्याच्यापुरती ती हाक उशिराचीच असते. संध्याकाळपर्यंत ती पेशी फुटली आणि तिच्याबरोबर मीही संपलो.

मग हे सांगतोय कोण? शेजारच्या पेशीतला मी. अक्षर न अक्षर तोच.

दुसऱ्या दिवशी शकुनचा डोळा जास्वंदीसारखा फुलला आणि सुजून मिटला; उजव्यातूनही पाणी गळू लागले, अक्षर दिसेना. अंग मोडून आले; इंटरफेरॉन वाढले की तसे होते, म्हणून त्यात थोडा हात माझाही होता.

"अहो, आता राजा बोलणार काय?" आई म्हणाली.

"राजा बसून राहील," श्यामराव म्हणाले. "राजांना चालतं."

"पाठ केलं तरीही चालतं."

श्यामराव वर्तमानपत्रामागे गेले. शकुन मात्र उशीत तोंड खुपसून रडली. वर्षभरात तिची एवढीच एक जागा होती, विंगेतली.

चार दिवस विषाणू दारोदार फिरला. बरीच दारे बंद मिळाली. मागून पांढऱ्या पेशी आल्या आणि उरलेल्यांचा त्यांनी समाचार घेतला. पाचव्या दिवशी सकाळी डोळा उघडला. संध्याकाळी शकुन विंगेत उभी राहिली आणि राजा एकदाही अडखळला नाही.

श्यामरावांच्या स्मरणशक्तीला हार घातला गेला. आत्या म्हणाली, "माझ्या काजळाचा गुण!" इंटरफेरॉन हे नाव तेव्हा शास्त्रज्ञांना ठाऊक होते, पण मला अजून कोणी पाहिलेही नव्हते. मी काही मनाला लावून घेतले नाही.

मित्रांनो, एकाच्या डोळ्यातले बोट दुसऱ्याच्या डोळ्यात घालू नका, पंचा आपापला ठेवा. मी आहे, पण माझी प्रत्येक हाक एका पेशीच्या जिवावर बेतते.

दुसऱ्या दिवशी आत्याने पुन्हा डबी उघडली. शकुन दोन पावले मागे सरली.

"आत्या, आधी हात धू."

"मला सांगतेस?"

"हो. साबणाने."

आत्या पुटपुटत मोरीकडे गेली. पाण्याचा आवाज आला. मी पुन्हा झोपलो.