नरहररावांची खोटी नोंद

‘शरीरात कुठे धातूचा तुकडा, स्क्रू किंवा सळी आहे का?’ या प्रश्नापुढच्या ‘हाँ’च्या चौकोनात नरहररावांनी खूण केली आणि पेनाला टोपण लावून टाकलं. खूण नेटकी आली. अडतीस वर्षं रेल्वेचे फॉर्म भरलेला माणूस; भीतीने अर्धमेला झाला तरी चौकोनाबाहेर जायचा नाही.

ज्या लेकीसाठी एमआरआयचा हा फॉर्म होता तिच्या अंगावर कानातल्या रिंगा सोडल्या तर धातू म्हणून काही नव्हतं. अबोली पलीकडे कूलरवर बाटली भरत होती. वय सव्वीस; इकडे उत्तरेतच वाढलेली, घरातलं मराठी समजायची, बोलायची मात्र हिंदीत. चौक नावाच्या जुन्या भागातल्या, चिकनच्या भरतकामाच्या एका कारखान्यात कापडावर छापायची नक्षी काढायचं तिचं काम. दोन महिन्यांपूर्वी उजव्या डोळ्याने धूसर दिसू लागलं, पंधरा दिवसांत आपोआप बरंही झालं. महानगर वस्तीतल्या एका तपासणी केंद्रात पहिला एमआरआय झाला, त्यात मेंदूत एक बारीक पांढरा ठिपका निघाला. एवढ्यावरून काही सांगता येत नाही, म्हणाले डॉक्टर. पण मल्टिपल स्क्लेरोसिसचा संशय आहे; मज्जासंस्थेचा आजार, येतो-जातो आणि वाढत राहतो. इथल्या मोठ्या यंत्रात पुन्हा बघू.

“ये मशीन तीन टेस्ला की है, उससे दुगुनी ताक़त की,” त्यांनी समजावलं होतं. “जो उसमें छूट गया, इसमें दिख जाएगा.”

डॉक्टर हे धीर द्यायला म्हणाले होते. नरहररावांनी मात्र तेच ऐकून हाय खाल्ली होती.

कारण दुप्पट ताकदीचं यंत्र काय करतं, ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? रुळांवरून ध्वनिलहरींचं यंत्र ढकलत नेऊन पोटातल्या भेगा शोधायच्या, यात त्यांची सगळी नोकरी गेली. वरून रूळ आरशासारखा, आत केसाएवढी चीर. नवं यंत्र आलं त्या वर्षी त्यांच्या मार्गावरच्या सदोष रुळांची संख्या तिप्पट झाली. हाताखालची पोरं यंत्राच्या नावाने बोटं मोडू लागली, तेव्हा यांनीच त्यांना झापलं होतं: यंत्र भेगा पाडत नाही, दाखवतं. आज तेच नरहरराव यंत्राला काही दाखवू द्यायला तयार नव्हते.

तंत्रज्ञ बाई फॉर्म वाचत बाहेर आल्या.

“अंकल जी, बिटिया के मेटल कहाँ है?”

“घुटने में. बचपन में गिरी थी, भुसावल में. स्क्रू डाला था.”

“उसके काग़ज़?”

“नहीं हैं. बहुत पुरानी बात है.”

“तो आज नहीं हो पाएगा. पहले घुटने का एक्स-रे कराइए, फिर तारीख़ देंगे.”

नरहररावांना एकदम हलकं वाटलं. मागे वळून बघतात तो अबोली, बाटली हातात घेऊन उभी.

“मैम, दो मिनट दीजिए,” ती म्हणाली आणि बाबांना दंडाला धरून खिडकीपाशी घेऊन गेली. “कौन-सा स्क्रू, बाबा?”

“हळू बोल. अगं, डोळा बरा झालाय ना तुझा? एवढासा तो ठिपका. कशाला उगाच उकरून काढायचं? चल, घरी तेलीबागला जाऊ. आई जेवायची थांबली असेल.”

आता ही चिडणार, असं त्यांना वाटलं. ती चिडली नाही, आणि त्याचीच त्यांना जास्त धास्ती वाटली.

“दो महीने नहीं हुए हैं,” ती म्हणाली. “तीन साल हुए.”

“काय?”

तीन वर्षांपूर्वीच्या थंडीत तिचा डावा हात बधिर झाला होता. हातातला कागद निसटायचा. महिन्याभराने हात पूर्ववत झाला. मग पुढच्या वर्षी पाय. चौकात दोनदा पडली, घरी येऊन सांगितलं की चप्पल सरकली. तिच्या आईने, पद्माने, नवी चप्पल आणून दिली होती, तेही नरहररावांना आठवलं.

“आणि बोलली नाहीस? घरात बाप आहे की नाही?”

“आपको ही तो नहीं बताना था.” अबोली खिडकीबाहेर बघत होती. “खाना खाते वक़्त आप ही सुनाते थे न. बाल जितनी दरार मिली, और पूरी पटरी उखाड़ के फेंक दी. कितने ख़ुश होते थे आप.”

खरंच होतं ते. वरण-भात निवून जाईपर्यंत नरहरराव सांगायचे. थांबवलेल्या गाड्या, उखडलेले रूळ, साहेबांनी थोपटलेली पाठ. उरलेल्या शेकडो रुळांबद्दल घरी कधी चकार शब्द काढला नव्हता, कारण त्यात सांगण्यासारखं काही घडतच नसे.

“सगळे नाही काढत,” ते म्हणाले.

“मतलब?”

“बरेच तसेच ठेवतो. रंगाने खूण करायची, दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या आवळायच्या, आणि नेमाने जाऊन बघायचं. गाड्या जातात वरून.”

“कितने दिन?”

इथे खोटं बोलणं अगदी सोपं होतं. सकाळपासून एक बोलून झालं होतं, दुसरं ओठांवर तयार होतं. पण रुळाबद्दल खोटं सांगायला त्यांची जीभच रेटेना.

“कुठला पंधरा वर्षं टिकला, कुठला चार महिने. बघत राहावं लागतं.”

अबोलीने मान हलवली. कानातल्या रिंगा काढून तिने त्यांच्या तळहातावर ठेवल्या आणि ती बाईंकडे गेली.

“मेटल नहीं है, मैम. पापा से ग़लती हो गई.”

बाईंनी नरहररावांकडे रोखून बघितलं आणि खात्री करून घ्यायला सगळे प्रश्न पुन्हा एकेक करून अबोलीलाच विचारले. मग फॉर्म पुढे आला. नरहररावांनी खुणेवर एकच आडवी रेघ मारली, ‘नहीं’च्या चौकोनात खूण केली आणि बाजूला तारखेसह सही केली.

“यहीं बैठिएगा,” अबोली दारातून म्हणाली. “कहीं जाइएगा मत.”

“नाही जात.”

जाड दार लागलं. थोड्या वेळाने भिंतीतून यंत्राची ठकठक ऐकू येऊ लागली. रिंगांवर मूठ मिटून नरहरराव दारासमोरच्या बाकावर बसले होते. त्यांची भीती तसूभरही कमी झाली नव्हती. सकाळी ती दोन महिन्यांची होती, आता तीन वर्षांची झाली होती.