ऐलीच्या बाणाचं टोक

हरणाच्या शिकारीचा हंगाम पुढच्या शनिवारी उघडणार होता आणि रविवारी सकाळपासून अर्वो कांगास कॅम्पच्या पायरीवर बसून कानशीने बाणाच्या टोकाला धार लावत होता. कॅम्प म्हणजे दलदलीच्या कडेला त्याने आणि त्याच्या दोस्तांनी तरुणपणी ठोकलेली दोन खोल्यांची लाकडी झोपडी. मागे सॉना, म्हणजे वाफेची न्हाणी, पुढे हातपंप. दोस्त एकेक करून गेले, बायको लेम्पी गेली त्यालाही सहा वर्षं झाली. तरी सप्टेंबर सरत आला, मेपलची पानं लाल व्हायला लागली की म्हाताऱ्याचं मन घरात लागत नसे.

यंदा तर विशेषच होतं. नात ऐली बारा वर्षांची झाली होती आणि तिला धनुष्याने शिकार करायची होती. फोन तिच्या बापाचा, म्हणजे अर्वोच्या मुलाचा, डेलचा आला होता. डेलने स्वतः बाराव्या वर्षानंतर धनुष्याला हात लावला नव्हता. "बाबा, ऐली हट्ट धरून बसलीय. तुम्ही न्याल का तिला?" अर्वो नुसतं "बघू" म्हणाला आणि फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात उगीचच तीन चकरा मारून आला.

कॅम्पवरची रीत अशी की पोराच्या पहिल्या बाणाचं टोक घरच्या वडीलधाऱ्याने स्वतः घासून द्यायचं, आणि धार लागली की नाही ते स्वतःच्याच हातावरचे केस भादरून दाखवायचं. मागचा आठवडाभर अर्वो दोन पात्यांची तीन जुनी, अरुंद टोकं घासत बसला होता. एव्हाना त्याचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत तान्ह्या बाळासारखा गुळगुळीत झाला होता. म्हातारा होता हौशी, त्याला कोण काय करणार!

दुपारी डेलची गाडी आली. ऐलीने दार उघडून खाली उडीच मारली.

"आजोबा, हे बघा! बाबानं घेतली!"

तिच्या हातात दुकानातलं चकचकीत पाकीट होतं. आत तीन टोकं, प्रत्येकाची पाती मिटलेली.

"लागल्याबरोबर पाती फटकन उघडतात, आजोबा! एवढी मोठी जखम होते! दुकानातला दादा म्हणाला, सगळे आता हीच वापरतात."

 सगळे हीच वापरतात, हे वाक्य त्याने स्वतः कधी म्हटलं होतं ते अर्वोला बरोबर आठवत होतं. त्याने पाकीट हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं.

"वाईट नाहीत," तो म्हणाला. "पण ही दांडग्या माणसाच्या धनुष्याला. तुझ्या धनुष्याची ओढ किती?"

"अडतीस पौंड!" ऐली ताठ उभी राहून म्हणाली.

"मग बघ. अडतीस पौंडांचा अर्धा जोर पाती उघडण्यातच जायचा. आत काय शिरणार, डोंबल? तुला हे पाहिजे, अरुंद, दोनच पात्यांचं, टेकल्या क्षणी कापत जाणारं."

खिमा-बटाटा भरलेल्या गरम पेस्ट्यांची पिशवी घेऊन डेल मागून आला. "बाबा, दुकानातली सगळ्यात महाग घेतलीत मी. तिला पहिल्या शिकारीला गंजकं लोखंड देणार आहात का तुम्ही?"

"गंजकं? हात लावून बघ, बोट राहतं का!"

"राहू द्या हो." डेल हसला, पण ते हसणं काही डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "आणि टोकाचं काय एवढं? तुम्हीच सांगितलं होतं की मला. टोक कधी चुकत नाही, हात चुकतो." एवढं बोलून तो पिशवी ठेवायला आत गेला.

आत, चुलीच्या वरच्या भिंतीवर शर्टांचे तुकडे खिळ्यांनी ठोकलेले होते. ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाची मागची शेपटी दोस्तांनी सुरीने कापायची, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि भिंतीला लावायची, ही कॅम्पची सगळ्यांत लाडकी रीत. दोस्तांपैकी व्हर्नरचे नऊ तुकडे होते. त्याची बायको म्हणायची, हा घरी हरीण आणत नाही ते एक वेळ चालेल, पण याला शर्ट किती पुरवायचे? अर्वोचेही चार होते. जेवणं झाली, सॉनातून लालबुंद होऊन सगळे बाहेर आले की मग तुकडा कापायचा कार्यक्रम होई आणि हसून हसून माणसं खुर्चीवरून पडत. ते दिवस आठवले की अर्वोला आजही एकट्याला हसू येई. फक्त त्या रांगेच्या टोकाला निळ्या चौकड्यांचा एक लहानसा तुकडा होता. तिकडे मात्र तो पाहत नसे.

छत्तीस वर्षांपूर्वीचा तो ऑक्टोबर. डेल बारा वर्षांचा, कान थंडीने लाल, खिशात आईने दिलेला वेलदोड्याचा पाव. बापाच्या पावलात पाऊल टाकत तो मागून यायचा, म्हणजे पानं एकदाच वाजतील. अर्वोच्या उभ्या आयुष्यात तेवढा सुखाचा दुसरा ऋतू आला नाही. पोराला सगळं उत्तमातलं उत्तम द्यायचं म्हणून त्याने त्या साली कॅटलॉगमधून नवी टोकं मागवली होती. तीन रुंद पाती, बोथट जाड नाक. सगळे तीच वापरत होते. अर्वोच्या पासष्ट पौंडांच्या धनुष्यावरून ती हरणातून आरपार जात. पोराचं धनुष्य पस्तीस पौंडांचं आहे, हा हिशेब त्याच्या डोक्यातच आला नाही. जुनी अरुंद टोकं त्याने कॉफीच्या डब्यात टाकून दिली होती.

पंधरा पावलांवर हरिणी आली. डेलने बाण सोडला. ती पाठ वाकवून उडाली आणि दलदलीत गेली. पानांवर रक्ताचे चार थेंब, पुढे काही नाही. दोन दिवस सगळ्यांनी गुडघाभर चिखलात शोधलं. तिसऱ्या संध्याकाळी सगळ्यांसमोर अर्वोने विचारलं, "घाई केलीस ना?"

"नाही, बाबा. तुम्ही सांगितलंत तिथंच मारला."

"मग ती मिळाली असती. टोक कधी चुकत नाही, डेल. हात चुकतो." आणि त्याने स्वतःच्या हाताने पोराच्या निळ्या शर्टाची शेपटी कापली. माणसं नेहमीसारखी हसली. पोरगं हसलं नाही.

एप्रिलमध्ये मेपलचा रस गोळा करायला गेलेल्या अर्वोला ती सापडली. हाडंच उरली होती. खांद्याच्या बरोबर मागच्या बरगडीत टोक रुतलेलं होतं, जेमतेम दोन बोटं. नेम इतका अचूक की अर्वोलाही तसा साधला नसता. पोराने चोख काम केलं होतं, बापाच्या टोकाने दगा दिला होता. अर्वोने टाचेने खड्डा केला, बरगडी टोकासकट पुरली आणि घरी आला. डेल टेबलाशी गणितं सोडवत होता. लेम्पीने विचारलं, "आज गप्प का?" तो म्हणाला, "बूट ओले झाले."

त्याला वाटलं होतं, रात्री सांगू. मग वाटलं, रविवारी सांगू. दर वर्षी सांगायचं राहून गेलं, आणि जितकं राहिलं तितकं सांगणं जड झालं. तो भ्याड होता, दुसरा शब्द नाही.

आताही सुटायची वाट होतीच. शनिवारी पहाटे अंधारात गुपचूप टोकं बदलली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण पोरीच्या नशिबी पुढचे हंगामही होते. बापाने घेतलेली टोकं तिने कधीतरी लावलीच असती आणि मग तिच्या हाताला बोल लागला असता. तेवढ्यात ऐलीने पाकीट फोडलं आणि एक टोक बाणाला फिरवून बसवायला लागली.

"थांब, ऐली," अर्वो म्हणाला. "डेल, बाहेर ये. बस इथं."

"काय झालं?"

"तुझी हरिणी मला सापडली होती."

डेल दारातच उभा राहिला. "कुठली हरिणी?"

"तुझी एकच होती." मग अर्वोने सगळं सांगितलं. बरगडी, दोन बोटं, खड्डा.  "हात चुकला नव्हता तुझा. टोक चुकीचं होतं, आणि ते मी दिलं होतं."

"कधी सापडली?"

"त्याच एप्रिलमध्ये."

"म्हणजे सहा महिन्यांत! आणि तुम्ही मूग गिळून बसलात? छत्तीस वर्षं?"

"हो."

 ऐली आळीपाळीने दोघांकडे पाहत होती. "म्हणजे बाबानं बरोबर मारला होता?" तिने विचारलं.

"बरोबर. इथल्या कुणाहीपेक्षा बरोबर."

"मग त्याचा शर्ट भिंतीवर कशाला?"

 ती आत गेली, खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि ती निळा तुकडा खिळ्यासकट घेऊन बाहेर आली. डेलने तो हातात घेतला. तेवढ्याशा तुकड्याने त्याचा तळवासुद्धा पुरता भरत नव्हता.  मग त्याने तुकडा खिशात घातला आणि पट्ट्यातली सुरी काढली.

"उठा, बाबा. पाठ करा."

अर्वो उठला. अंगावर त्याचा चांगला, नातीसाठी मुद्दाम घातलेला लोकरी शर्ट होता. डेलने शेपटी ओढली आणि कापली, वाकडीतिकडी, रागाने, गरजेपेक्षा चांगली वीतभर जास्त. म्हाताऱ्याच्या कमरेला वारा लागला.

"साल कुठलं लिहू?" ऐलीने पेन शोधत विचारलं.

"तेव्हाचंच लिही," डेल म्हणाला.

ती आत खिळा ठोकत बसली. दोघं पायरीवर बसले. आत पेस्ट्या गार होत होत्या, कुणी हात लावला नाही. शेवटी अर्वोच म्हणाला, "माझ्या पायी तुझी शिकार सुटली, डेल."

"शिकारीचं सोडा हो, बाबा. हरणं काय, नाही मारली तर नाही मारली." डेल समोर दलदलीकडे पाहत होता. "पुढच्या वर्षी मी तुम्हाला हॉकीचा सराव आहे म्हणून सांगितलं, आठवतं? सराव नव्हताच. बूट घालून पलंगावर बसलो होतो. म्हटलं, एकदा तरी येतील नि चल म्हणतील. तुम्ही 'बरं' म्हणालात आणि गाडी सुरू केलीत."

अर्वोला ती सकाळ आठवत होती. गाडीत बसल्यावर त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही आठवत होतं.

"मला तुझ्या तोंडाकडे बघवत नव्हतं रे," तो म्हणाला.

"मला वाटलं, तुम्हाला मी नकोय."

आत ठोकणं थांबलं होतं. अर्वोने पायरीवरची कानस बाजूला सरकवली.

"शनिवारी चल," तो म्हणाला.

"माझ्याकडे धनुष्य नाही."

"नसू दे. नुसता येऊन बस आमच्याजवळ."

"मी रागावलोय, बाबा. शनिवारपर्यंत काही जायचा नाही राग."

"मग रागावलेलाच बस," अर्वो म्हणाला. "फक्त हलू नकोस, हरणं बुजतात."