लॉगमधल्या चार ओळी

"अनंतराव, हा लॉग कोण कोण वाचतं?" शुभंकर साहेबांनी विचारलं.

"मीच. दुसऱ्या कुणाला काय पडलंय."

साहेब आमच्या हॉस्पिटलचे व्यवस्थापक, वय बत्तीस. मी तळघरातल्या सर्व्हरचा माणूस, वय पंचावन्न. टाइपरायटरवरून संगणकावर आलेला. सर्व्हरवरची कुठलीही नोंद बदलली, की आधी काय होतं, नंतर काय झालं, कुणाच्या लॉगिननं आणि किती वाजता, ते ट्रॅन्झॅक्शन लॉगमध्ये ओळीनं उतरतं. रोज दहा वाजता मी तो चाळतो आणि त्याचा कागद साहेबांपुढे ठेवतो. ते न वाचता सही करतात. आज मीच मूर्खासारखं बोट ठेवून दाखवलं.

सकाळी आठ दहाला तीन नंबर वॉर्डातले एक आजोबा गेले. वरच्या मजल्यावर झोपलेल्या डॉक्टरांना सिस्टर मुक्ताईनं इंटरकॉम केल्याची नोंद सहा दहाची होती. डॉक्टर उगवले सव्वाआठला. आणि साडेनऊला त्या नोंदीची वेळ बदलली गेली. सात पन्नास, मग आठ पाच, मग सात पंचावन्न, पुन्हा आठ पाच. चारही वेळा लॉगिन शुभंकर साहेबांचं, कारण पाळी संपल्यावर वेळ बदलायची मुभा त्यांनाच. एवढे शिकलेले, पण खोटंसुद्धा एका झटक्यात लिहिता येईना.

"सिस्टम स्लो आहे ना? लॉग क्लीन करून टाका. बॅकअपसकट. रुटीन मेंटेनन्स."

"दुपारी सिस्टरची चौकशी आहे, साहेब."

"म्हणूनच. बाय द वे, तुम्हाला रिटायरमेंटला तीन वर्षं राहिलीत ना?"

मग त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. साखर किती, तेही विचारलं. त्या चहाची मला अजून शिसारी येते. मी तो प्यायलो.

खाली आलो तर जिन्यापाशी मुक्ताई उभी. परभणीकडची पोर, येरवड्यात मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते.

"सर, मी सहा दहालाच फोन केला होता. नोंद पण तेव्हाच टाकली. आता स्क्रीनवर आठ पाच दिसतंय. तुमच्याकडं जुनं सगळं राहतं म्हणतात ना?"

"बघतो," मी म्हणालो.

काम चार मिनिटांचं होतं. लॉग रिकामा झाला, बॅकअपही गेला. साफसफाई झाल्याची नोंद मात्र सर्व्हरनं इमानदारीत करून ठेवली, माझ्या नावानं. मी बेसिनवर जाऊन साबणानं हात धुतले. असली नाटकं करणाऱ्या माणसांचा मला पूर्वीपासून तिटकारा आहे.

चौकशीत समितीनं विचारलं, "लॉगमध्ये काही सापडतं?"

"नाही," मी म्हणालो. शब्द खरा होता, याचीच जास्त किळस आली.

संध्याकाळी ओळखपत्र जमा करून मुक्ताई माझ्या दाराशी आली.

"सर, तुम्ही स्वतः बघितलं ना?"

"बघितलं."

"मग नसेलच. मीच चुकले असेन वेळ बघायला. रात्रभर जागीच होते."

माझे आभार मानून ती वळली. जाता जाता तिनं मनगटावरचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. दोन्हींत पाच दहा झाले होते.