पाच पाइप

नव्या पत्र्याच्या दोन लांब पट्ट्या खांद्यावर घेऊन धाकटी मागच्या अंगणात आली, तेव्हा काका गाडीत बसले होते.

आता यात रागवण्यासारखं काय, असं कोणी म्हणेल. माणूस गाडीत नाही तर कुठे बसणार. पण या गाडीत बसायला जागाच नव्हती. सीट काढलेल्या, तळाचा पत्रा कापून काढलेला, आणि दोन्ही दारांच्या चौकटींत लोखंडी पाइप फुलीसारखे वेल्ड केलेले. एका दारात दोन, दुसऱ्या दारात दोन आणि या बाजूपासून त्या बाजूपर्यंत एक आडवा. मांजराला आत शिरायचं झालं तरी अंग चोरावं लागे. काकांची देहयष्टी मांजराची नव्हती.

पाइप अंगणाच्या कोपऱ्यात पडलेले होते. पाचही.

"ये ये," काका एका फळीवर बसल्या बसल्या म्हणाले. हातात स्टिअरिंग होतं, ते कशालाच जोडलेलं नव्हतं. "बघ कशी मोकळी झाली. आता गाडी वाटते. आधी नुसता पिंजरा करून ठेवला होतास."

गाडीच्या पुढे त्यांचे मित्र उभे होते आणि मोबाइलवर काकांचा फोटो काढत होते. हे गृहस्थ जुन्या गाड्यांच्या क्लबातले. क्लबाचं नाव छापलेली टोपी ते घरातसुद्धा काढत नसत, म्हणून आई त्यांना टोपीवाले म्हणे.

धाकटीने खांद्यावरच्या पट्ट्या खाली ठेवल्या. टाकल्या नाहीत, ठेवल्या. राग आला की ती फार सावकाश हालचाल करायची. ज्यांना ठाऊक होतं ते अशा वेळी बाजूला सरत. काकांना तेवीस वर्षांत ठाऊक झालं नव्हतं.

"कोणी कापले?"

"अगं, कोपऱ्यावरचा लोखंडी गेटं बनवणारा नाही का. त्याला बोलावलं. ग्राइंडर घेऊन आला, पाच मिनिटांत मोकळा. तू उगाच महिना लावतेस एकेका गोष्टीला."

पाच मिनिटं. ते पाइप लावायला तिचे अकरा दिवस गेले होते. लावायला तसा एक दिवस पुरतो. दहा दिवस मापं घेण्यात गेले होते.

त्याचं कारण असं. जुन्या गाडीच्या दाराखाली जी लांब पट्टी असते, ती दिसायला मामुली, पण सगळा भार तिच्यावर. या गाडीच्या दोन्ही पट्ट्या गंजून बिस्किटासारख्या झालेल्या. त्या कापून नव्या बसवायच्या, तर मधल्या काळात बॉडीला धरून ठेवणारं काहीच उरत नाही. धाकटी ज्या गॅरेजात कामाला होती तिथल्या मिस्त्रीने तिला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, "हाड मोडलं की आधी प्लास्टर. नाचणं नंतर." म्हणून कापण्याआधी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मापं घ्यायची, दारं नीट लागतात ना ते बघायचं, आणि मग पाइप वेल्ड करून सगळं आहे तिथे बांधून टाकायचं. नव्या पट्ट्या पक्क्या होईपर्यंत त्या पाइपांना हात लावायचा नाही.

आज रविवार होता. जुन्या पट्ट्या कालच कापून काढल्या होत्या; नव्या ती आत्ताच वाकवून घेऊन आली होती. दुपारपर्यंत बसल्या असत्या.

"उतरा, काका."

"उतरतो गं. एक फोटो राहिलाय."

"आत्ता उतरा."

काका उतरायला लागले तेव्हा सबंध गाडी कण्हल्यासारखी वाजली. बॉडी चासीवरून उचलून चार लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेली होती, दोन पुढे, दोन मागे. मधे पोटाखाली काही नाही. आणि त्या पोटात फळी टाकून आधी टोपीवाले बसले होते, मग काका. दोघंही सहज ऐंशी-ऐंशी किलोचे.

धाकटीने दार ढकलून पाहिलं. वरच्या फटीत नख जाईना. खालच्या फटीत मूठ जात होती. दुसरं दार लागतच नव्हतं. जुन्या गादीसारखी गाडी मधे बसली होती.

ती टेप काढून मापत राहिली. मापण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण हातांना काम हवं होतं. ते रिकामे राहिले असते तर त्यांनी काय केलं असतं, याची तिलाच खात्री नव्हती.

काकांनी ही गाडी तरुणपणी घेतली होती. तीन वर्षं फिरवली. रेडिएटरमध्ये पाणी घालावं लागतं हे कोणी सांगितलं तर त्यांना अपमान वाटायचा, म्हणून एके दिवशी इंजिन जळून जाम झालं, आणि काकांनी ती ढकलत आणून मागच्या अंगणात उभी केली. ती बावीस वर्षं तिथेच. तिच्या सीटवर शेजारच्या कोंबड्या अंडी घालत. बॉनेटमधून एक झाड वर आलं होतं, ते दर वर्षी छाटलं जाई. झाडाची काळजी काका घेत.

दोन वर्षांपूर्वी नगरपालिकेची नोटीस आली, भंगार हटवा नाहीतर दंड. तेव्हा काकांनी जेवता जेवता सांगून टाकलं, "तुला एवढं वेड आहे ना, घे मग. तुझ्याच नावावर करतो. पुढची नोटीस तुलाच येऊ दे." आणि दुसऱ्या दिवशी खरंच केली. नव्या कागदाची घडी आईच्या कपाटात होती.

धाकटीला ती पुन्हा जशीच्या तशी करायची नव्हतीच. तिला हॉट रॉड करायची होती. म्हणजे जुनी बॉडी घ्यायची, छप्पर चार इंच खाली उतरवायचं, बॉनेट काढून इंजिन उघडं ठेवायचं, मागे रुंद चाकं, पुढे बारीक, आणि असलं इंजिन बसवायचं की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. आईने हे सगळं ऐकून घेतलं होतं आणि म्हणाली होती, "म्हणजे म्हातारीला बूट घालून शर्यतीत उभी करायची. कर. माझी हरकत नाही, म्हातारीला विचार." इंजिन गॅरेजातल्या ठोकर बसलेल्या पिकअपचं. मागच्याच महिन्यात ते चासीवर बसवून सुरू केलं होतं, तर शेजारच्यांच्या खिडक्या वाजल्या.

तेव्हापासून काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, "आम्ही एक गाडी करतोय."

धाकटी गॅरेजात लागली तेव्हा याच काकांनी चार महिने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. आता तेच सांगत, मीच पाठवली तिला. नाव सगळ्यांत त्यांचं, नखात काळं मात्र हिच्या.

आई चहाचा ट्रे घेऊन मागच्या दारात आली. तिने लेकीकडे पाहिलं, हातातल्या टेपकडे पाहिलं, मग कोपऱ्यात पडलेल्या पाइपांकडे. धाकटीचे वडील गेल्यापासून आईने या घरात मोठ्या दिरापुढे आवाज चढवला नव्हता. आत्ताही चढवला नाही. ट्रे होता तसा परत आत नेला.

टोपीवाल्यांचा हात पुढे आलेला तसाच राहिला.

"मूळ स्वरूपात ठेवायला हवी होती, बेटा," हात खिशात घालत ते म्हणाले. "असल्या गाड्या आता उरल्यात किती. अशी कापाकापी म्हणजे गुन्हाच म्हणायचा."

"बावीस वर्षं मूळ स्वरूपातच होती," धाकटी म्हणाली. "तेव्हा तुम्ही दर रविवारी इथे पत्ते खेळायला यायचात. पाय ठेवायचात बंपरवर."

"तोंड सांभाळून बोल," काका म्हणाले. "पाहुणे आहेत. तीन महिन्यांनी क्लबाचं प्रदर्शन आहे. मी शब्द दिलाय की मी माझी गाडी चालवत येणार. स्वतःच्या गाडीत क्षणभर बसलो तर एवढा आकांत?"

"कोणाच्या?" आईने आतून विचारलं. ती कपबशा धुवत होती. न प्यायलेल्या.

"काय?"

"नाही, गाडी कोणाची म्हणालात? नोटीस आली तेव्हा माझ्या लेकीची होती. मधे कधी बदलली ते कळलं नाही, म्हणून विचारलं."

टोपीवाल्यांना एकाएकी घरची आठवण झाली.

सोमवारी सकाळी मिस्त्री आला. गाडीला तीन फेऱ्या मारल्या, दाराच्या खांबाशी गुडघ्यावर बसला आणि बोट फिरवलं. गॅरेजात धाकटीला सगळे दहा नंबर म्हणत. छोटासा पाना, कुठल्याही बोळात शिरतो आणि नेमका हवा तेव्हा सापडत नाही.

"दहा नंबर, इथे बघ. खांबाला बुडात मोड पडलीय."

"दिसली."

"जॅक लावून वर ओढू. चार-सहा दिवस लागतील. दारं लागतीलसुद्धा. पण पहिल्या खड्ड्याला पुन्हा उघडतील. मोडलेला पत्रा विसरत नाही." तो उठला, गुडघे झटकले. "तुला रडायचं असेल तर मी तिकडे तोंड करून विडी ओढतो."

"रडू येत नाहीये. डोकं फोडावंसं वाटतंय."

"कोणाचं?"

"ते ठरलेलं आहे."

मिस्त्री हसला नाही. त्याने विडी पेटवली आणि खरंच तिकडे तोंड केलं.

धाकटी उभीच राहिली. ही दारं बसवायला तिने काय नाही केलं. बिजागऱ्या खरवडल्या, पिना बदलल्या, एका काडेपेटीच्या काडीएवढी फट सगळीकडून सारखी यावी म्हणून संध्याकाळच्या संध्याकाळी घातल्या. दार लागताना एक आवाज यायचा, घट्ट डब्याचं झाकण बसावं तसा. तो आवाज आता गेला. कोणीतरी पाच मिनिटांत कापून कोपऱ्यात टाकला. आणि कापायला लावणारा माणूस वर खिडकीत बसून पेपर वाचत होता, पानं उलटल्याचा आवाज खालीपर्यंत येत होता.

"दारं लागली नाहीत तर नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"जॅकने सरळ करायची आणि वेल्ड करून टाकायची. कायमची. दार उघडणारच नसेल तर फट पडेल कुठून?"

मिस्त्रीने विडी तोंडातून काढली. "मग आत जाणार कशी? छप्पर खाली घेतलं तर खिडकीतून शेंबडं पोरसुद्धा जाणार नाही."

"छप्पर ठेवतंय कोण."

त्याने गाडीला आणखी एक फेरी मारली. मग म्हणाला, "छप्पर गेलं की बॉडी ढिली पडते. पण दारं जखडली की तेवढीच ताठ होते. हिशेब बसतो." आणि मग, न राहवून, "रागात डोकं बरं चालतं तुझं."

जॅकला पाच दिवस लागले. सहाव्या दिवशी धाकटीने चष्मा लावला आणि छपरावर ग्राइंडर ठेवला. आवाजाने काका पेपरासकट खाली आले.

"छप्पर? अगं, वेडबीड लागलंय का तुला?"

तिने चौथा खांब संपवला. मिस्त्रीने आणि तिने छप्पर दोन बाजूंनी उचललं आणि पाइप पडले होते त्याच कोपऱ्यात नेऊन टेकवलं. मग तिने वेल्डिंगचा मुखवटा ओढून घेतला आणि डाव्या दाराच्या फटीवर पहिला टाका घातला. ठिणग्या काकांच्या चपलांपर्यंत गेल्या. ते मागे सरले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"दार बंद करतेयस?"

टाका. टाका. टाका.

"मग आत जायचं कुठून?"

तिने मुखवटा वर केला. "वरून. टांग टाकून."

"माझे गुडघे..."

"ठाऊक आहेत मला तुमचे गुडघे."

काका दाराच्या मुठीकडे बघत राहिले. आवाज एकदम मऊ करून म्हणाले, "हे दार मी तुझ्या काकूसाठी उघडून धरायचो. स्वतःच्या हाताने."

क्षणभर धाकटीचा हात थांबला. काकू तिला आठवत होती, थोडीशी.

आई दोरीवरचे कपडे काढत होती. तिने चिमटा तोंडातून काढला. "जाऊबाई आत बसल्याचं मला काही आठवत नाही," ती म्हणाली. "मागून ढकलताना आठवतात. तुम्ही स्टिअरिंगवर."

धाकटीने मुखवटा खाली घेतला. उजवं दार संध्याकाळपर्यंत झालं.

गाडी तयार व्हायला त्यानंतर अडीच महिने गेले. बुटकी, रुंद, पुढे उघडं इंजिन, रंग अजून नाही, नुसता करडा पत्रा आणि दारांच्या जागी वेल्डिंगची जाड शिवण. ती घासून गुळगुळीत कर, असं मिस्त्री दोनदा म्हणाला. तिने नाही केली.

पहिल्यांदा बाहेर काढायच्या दिवशी गल्लीतले लोक फाटकाशी उभे होते. काका मागच्या पायरीवर होते, इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर क्लबाची कोरी टोपी. प्रदर्शन आठवड्यावर आलं होतं, आणि शब्द दिलेला होता.

धाकटीने टांग टाकली आणि आत सरकली. चावी फिरवली. इंजिन एकदा खोकलं आणि मग असं गरजलं की काकांनी टोपी धरली.

आई स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन आली. तिचे गुडघेही काही कमी कुरकुरणारे नव्हते. स्टूल दारापाशी ठेवलं, कपडे सावरले, एक पाय वर, दुसरा वर, मधे एकदा "अगं बाई" म्हणाली आणि धप्पकन लेकीशेजारी बसली.

काका पायरी उतरून पुढे आले. स्टुलाकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. "फाटकापर्यंत तरी," ते म्हणाले. "लोक उभे आहेत."

धाकटीने समोरच बघितलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, आणि ते आता चाकांना जोडलेलं होतं.

आई काठावरून वाकली, स्टूल उचलून वर घेतलं आणि पायांशी नीट ठेवलं.

"चल," ती म्हणाली.