माझ्यातले तानुबाईचे कडे

मित्रांनो, भिवाजी मास्तरांच्या कपाटात एक पत्र सबंध पावसाळा उत्तराविना पडून होते, आणि ते माझ्याच बुडाखाली होते. वाऱ्याने उडू नये म्हणून मास्तरांनी मला त्याच्यावर ठेवले होते. मी म्हणजे आमच्या ख्रिस्ती मंडळीचा प्रभुभोजनाचा पितळी पेला. वजन म्हणून वापरल्याचे मला काही वाटले नाही. भांड्याने मानापमान किती धरावा? पण ज्या प्रश्नावर मी बसलो होतो त्याचे उत्तर मला ठाऊक होते, आणि ते लिहिण्याचे काम ज्यांच्याकडे होते ते लिहीत नव्हते. याचा मला राग आला. राग हा शब्द पेल्याला शोभतो की नाही, याची मला खात्री नाही. दुसरा शब्द मी पुष्कळ शोधला. सापडला नाही.

माझा जन्म सांगितल्याशिवाय हा राग तुम्हाला समजायचा नाही.

पौड रस्त्याने भुकूमच्या पुढे गेले की डोंगराच्या अंगाला आमची वाडी लागते. तिथे ख्रिस्ती माणसांची सातआठ घरे, आणि ओढ्यापलीकडे कातकऱ्यांच्या झोपड्या. त्यांतलेही काहीजण येशूचे नाव घेऊ लागले होते. आमचे देऊळ म्हणजे मातीच्या भिंतींची, कौलारू, एक लांबट खोली. तिच्या मागच्या बाजूच्या लहान खोलीत भिवाजी मास्तर आपल्या पुस्तकांसह राहत. ते वाडीच्या शाळेतून निवृत्त झालेले, एकटे, फार कमी बोलणारे. पाळकसाहेब पुण्याहून महिन्यातून एकदा एस.टी.ने येत आणि प्रभुभोजन देत. मनुका उकळून केलेला रस आणि भाकरीचा तुकडा. तो रस कान तुटलेल्या चहाच्या कपातून फिरवला जाई.

स्वातंत्र्य मिळून चारपाच वर्षे झाली असतील. एका रविवारी पाळकसाहेब म्हणाले, "प्रभूच्या मेजावर हा कप बरा दिसत नाही. घरात मोडके पितळ असेल ते आणा. आपण आपला पेला करू."

देऊळ झाडणाऱ्या गोजराबाईंनी गळका तांब्या आणला. कुशाबांनी, म्हणजे ज्यांच्या जमिनीवर देऊळ उभे होते त्यांनी, बैलाची जुनी घुंगरे आणली. मास्तरांनी दौतीचे झाकण दिले. तानुबाई कातकरीण दारातच उभी होती. तिच्या घरात पितळेचे एकही भांडे नव्हते. तिच्या मनगटात एक कडे होते. तिच्या आईने लहानपणी घातलेले. हात वाढला आणि कडे तिथेच राहिले. गोजराबाईंनी तिच्या हाताला तेल चोळले.

"ऱ्हाऊ दे गं," त्या म्हणाल्या, "चामडं सोलंल तुजं."

"निघतंय, निघतंय," तानुबाई म्हणाली. "तू दंड धर निस्ता."

कडे निघाले. त्याच्याबरोबर थोडे चामडेही निघाले.

पुण्यातल्या ओताऱ्याने हे सगळे एका मुशीत घातले. मित्रांनो, मुशीतली ती गोष्ट मला आठवते असे म्हटले तर तुम्ही हसाल. पण एवढे खरे, की आत गेल्यावर तांब्याला आपण तांब्या होतो याची आठवण राहत नाही, आणि कड्याला आपण कुणाच्या मनगटात होतो याची. सगळे वितळते. जे बाहेर येते ते एकच असते. मी तसा बाहेर आलो. मला घासले, आतून कल्हई केली, आणि वाडीला आणले.

पहिल्या प्रभुभोजनाला सगळे सतरंजीवर बसले होते, जसे आले तसे. मी हातोहात फिरलो. तानुबाईने घोट घेतला आणि शेजारी हळूच म्हणाली, "माजंच कडं चावल्यावानी वाटतंया."

कुशाबांनी ते ऐकले. "बघ हां," ते म्हणाले, "आमच्या बैलाचं घुंगरू बी लागंल दाताला."

प्रार्थना चालू असताना हसायचे नसते. पण सगळे हसले, आणि पाळकसाहेबांनाही खोकल्याचे निमित्त करावे लागले. मला वाटते, तो प्रभू तिथे असेल तर त्यालाही हसू आले असेल.

काही वर्षे अशीच गेली. चिंच लावून घासल्यावर मी असा लखलखे, की लहान मुले माझ्यात तोंड बघून जिभा काढीत. कुशाबा वारले तेव्हा गोजराबाईंनी मला पदराने पुसले आणि बराच वेळ हातातच धरून ठेवले.

कुशाबांच्या मागे त्यांचा मुलगा हैबतराव मंडळीचा पंच झाला. माणूस वाईट नव्हता. कौले शाकारून घ्यायचा, आजाऱ्याला बैलगाडीतून पौडाला न्यायचा. पण त्याच्या मुलीला पुण्याचे एक स्थळ आले. तीन पिढ्यांचे ख्रिस्ती घराणे, इस्त्रीचे कपडे, स्वच्छ भाषा. ती मंडळी वाडी पाहायला आली ती नेमकी प्रभुभोजनाच्या रविवारी. नवऱ्या मुलाच्या आईच्या आधी मी तानुबाईच्या मुलाच्या, देवूच्या हातात होतो. तो प्यायला आणि मला पुढे केले. बाईंनी पदराचे टोक बोटावर घेऊन माझा काठ पुसला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. मग ओठ टेकल्यासारखे केले आणि मला पुढे दिले. त्या प्याल्या नाहीत.

हे हैबतरावाने पाहिले. त्याला लाज वाटली. वाटायलाच हवी होती, पण ती भलत्या बाजूने वाटली.

पुढच्या महिन्यात माझ्याशेजारी एक जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, पेला आला. हलका, करड्या रंगाचा, बाजारात टांगलेला असतो तसला.

"ह्यो ओढ्यापल्याडच्या लोकांस्नी," हैबतराव म्हणाला. "येगळा न्हाई, सोयीचा. ती मानसं मागं बसत्यात. पेला तितवर जाईस्तोवर उशीर हुतो, रस गार पडतो."

"रस काय च्या हाय व्हय गार पडायला?" गोजराबाई म्हणाल्या.

कुणी हसले नाही. त्या दिवशी आलेले पाळकसाहेब नवीन होते आणि परतीच्या एस.टी.च्या घाईत होते. मेजावर दोन पेले दिसले, त्यांनी दोन्हींवर प्रार्थना केली. भिवाजी मास्तर पुस्तकात पाहत राहिले. पान उलटल्याचे मला दिसले नाही.

तानुबाईने जर्मनचा पेला हातात घेतला, आत पाहिले, आणि न पिता जमिनीवर ठेवला. सावकाश, रस सांडू न देता. मग उठून गेली. तिच्यामागून ओढ्यापलीकडचे सगळेच गेले. हिवाळ्यात ती माणसे कोळशाच्या भट्ट्या लावायला मुळशीच्या धरणावरच्या रानात निघून गेली, आणि परत आली नाहीत.

मित्रांनो, त्या जर्मनच्या पेल्यावर माझा राग नाही. तो बिचारा कपाटात माझ्या बाजूलाच असे. त्याला तर कुणी एकदाही ओठ लावला नव्हता.

माझा राग त्यांच्यावर आहे, जे दर रविवारी येशूचे नाव घेतात आणि तो कोण हे विसरतात. विहिरीच्या काठावर ज्याने परक्या, टाकलेल्या जातीच्या बाईला "मला प्यायला दे" म्हटले, तो हाच ना? तिचेच भांडे, तिचेच पाणी. तिलाही नवल वाटले होते की हा मागतो कसा. लोक ज्यांच्या सावलीला उभे राहत नसत त्या जकातदारांच्या पंक्तीला जो जेवला, तो हाच ना? शेवटच्या रात्री त्याने पेला हातात घेतला तेव्हा मेजावर त्याला धरून देणाराही बसलेला होता. त्याच्यासाठी त्याने वेगळा पेला मागवला नाही. सगळ्यांनी यातूनच प्या, म्हणाला. हे सारे वाडीत सगळ्यांना पाठ आहे. पाठ असूनही काठ पुसतात. मग पाठ कशासाठी केले?

पावसाच्या तोंडावर पत्र आले. तानुबाईच्या नातीचे, सखूचे. तिला अक्षरे मास्तरांनीच शिकवली होती. मास्तरांनी ते हलक्या आवाजात वाचले, म्हणून मला कळले.

'मास्तर, सलाम. आजीला बरे नाही. ती रोज इचारते की येशूचा पेला कोणता. पितळेचा असंल तर ती येणार हाय. चालत नाहीतर देवूबाबाच्या पाठीवर. जर्मनचा असंल तर येणार नाही, हितंच मरंन म्हणते. तुमी पुस्तकं वाचता तर उत्तर लिहा. सखू.'

मास्तरांनी लगेच कागद घेतला. त्यांनी जाड पुस्तके काढली. निरनिराळ्या देशांतल्या मंडळ्या प्रभुभोजन कसे घेतात, कुठे एकच पेला असतो, कुठे लहान लहान पेले असतात, हे सगळे लिहिले. पाने भरली. मग स्वतःशीच म्हणाले, "मी कोण हे सांगणारा?" आणि फाडून टाकली. पुन्हा लिहिली, पुन्हा फाडली. ज्या प्रश्नाचे उत्तर एका विहिरीच्या काठावर देऊन झाले होते, त्याला इतके कागद? पण मला त्यांची भीतीही दिसत होती. खोली हैबतरावाच्या जमिनीवर. या वयात पुस्तके घेऊन जायचे कुठे? शेवटी त्यांनी पत्राची घडी केली आणि तिच्यावर मला ठेवले.

आता ऐका, पितळेच्या भांड्याचे एक दुखणे असते. कल्हई झिजली आणि तसेच आंबट काही आत ठेवले, की ते कळकते. हिरवे पडते, कडू होते, विष होते. भांडे बाहेरून पिवळेधमक असते, कुणाला कळत नाही. माझी कल्हई त्या पावसाळ्यात गेली. माणसांची कधी गेली, ते मला सांगता येणार नाही.

पाऊस सरला. एका शनिवारी हैबतराव आला. नाताळनंतर मुलीचे लग्न ठरले होते. गोजराबाई देऊळ झाडत होत्या. दार उघडे होते.

"मास्तर, पेला पौडाला न्या, कल्हई करून आना," तो म्हणाला. "नाताळाच्या उपासनेला व्याही येनार हायेत. मेजावर चकचकीत दिसला पायजे."

"हैबती," गोजराबाई आतून म्हणाल्या, "पेला न्हेतायसाच, तर माजा तांब्या तेवढा काढून घेऊन या."

"कंचा तांब्या, काकी?"

"त्यातच हाय की. म्या दिल्याला. ओताऱ्याला म्हनावं, गोजरीचा तांब्या येगळा कर. तानूचं कडं येगळं कर. मास्तरांचं झाकान बी काढ. तुज्या बाच्या बैलाची घुंगरं उरतील, त्यातनं पाज तुज्या पाव्हण्यांस्नी."

"तसं येगळं निघतं व्हय आता?"

"न्हाई निघत?" गोजराबाईंनी झाडू भिंतीला टेकवला. "मग तू काय येगळं करायला बसलायंस?"

हैबतराव दाराकडे वळला. जाता जाता म्हणाला, "पेले दोनच ऱ्हातील. लोकांची रीत सोडता येत न्हाई. आन् मास्तर, कुनी मधी काय केलं, तर मग ह्या खोलीचं बी बघावं लागंल मला." आणि गेला.

गोजराबाई दारात आल्या. "काल पौडाच्या बाजारात देवू भेटला. तानू हाय अजून. उत्तराची वाट बघतीया. मास्तर, पत्र काय गिळलं का तुमी?"

त्या पुन्हा झाडू लागल्या.

मग मास्तरांनी मला उचलले. पत्रावर माझ्या बुडाचे हिरवट वर्तुळ उमटले होते, बरोबर सखूच्या नावाभोवती. मास्तर त्याकडे पाहत राहिले. त्यांनी जर्मनचा पेला घेतला, माठातले पाणी त्यात ओतले आणि उभ्याउभ्याच प्यायले. कुणीतरी पहिल्यांदाच त्याला ओठ लावले. मग पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढून त्यांनी तिच्यात पुस्तके भरायला सुरुवात केली. एक एक पुस्तक हात फिरवून. मला वाटले, हे पळून चालले. माझा राग पुन्हा उसळला. पण पेटी भरल्यावर ते मेजाशी बसले आणि एक पोस्टकार्ड घेतले. या वेळी पुस्तक उघडले नाही.

'तानुबाई, या. पेला पितळेचा. पहिला घोट तुम्ही घ्यायचा. उशीर माझा आहे. भिवाजी.'

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादा पेला असेल, जो कामाच्या बाईसाठी ठेवलेला असतो. कानतुटका, फळीच्या टोकाला. तो कुणी ठेवला हे विचारायला तुम्ही लहान असाल, पण त्यातून पाणी प्यायला लहान नाही. आज घरी जा आणि त्यातून प्या. मग आईने विचारले, तर येशू प्यायचा म्हणून सांगा. मला चकचकीत ठेवाल की नाही याची मला काळजी नाही. काळजी आहे ती त्या फळीवरच्या पेल्याची.

दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर मास्तर मला तागाच्या पिशवीत घालून पौडाला निघाले. कल्हईवाल्याने मला तापवले, नवसागर टाकला, कथील फिरवले, आणि मी आतून पुन्हा पांढरा झालो. परत येताना पोस्टाची लाल पेटी लागली. मास्तर तिच्यापाशी थांबले. कार्ड काढले, वाचले, पुन्हा खिशात घातले, आणि चालू लागले. मी पिशवीत होतो. मला हात असते, तर मी ते ओढून घेतले असते. पिंपळापर्यंत गेल्यावर त्यांची चाल मंदावली. मला वाटते, मी अजून गरम होतो आणि त्यांच्या मांडीला लागत होतो. ते वळले.

पेटी रिकामी असावी. कार्ड बुडाशी पडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.