ओन्नीचा ट्रक आणि ताइस्तोचं पातं

लढाई संपली, माझा थोरला भाऊ ओन्नी फ्रान्समधून घरी आला आणि वर्ष उलटायच्या आत सैन्याच्या लिलावातून एक दहा चाकांचा ट्रक घेऊन आला. तिकडे त्यानं असाच ट्रक चालवला होता, पेट्रोलचे डबे आणि तोफगोळे भरून. आईनं दारातूनच विचारलं, "हा तोच का रे?"

"तो नाही," ओन्नी म्हणाला. "त्याचा सख्खा भाऊ."

हिरवा रंग उडालेला, दारावरचा पांढरा तारा अर्धा खरवडलेला, टपाच्या जागी ताडपत्री. आत हीटर नावाची वस्तू नाही. गाव हसलं. पण आमच्याकडे, सुपीरियर सरोवराच्या या काठाला, नोव्हेंबरात पडलेला बर्फ एप्रिलपर्यंत हलत नाही. सरकारी बर्फ काढायची गाडी चौफुलीपर्यंत यायची आणि तिथून तोंड फिरवायची. पुढचा रस्ता ज्याचा त्यानं बघायचा. त्या रस्त्यावर आमच्यासारखीच फिनलंडहून आलेली पाच-सात घरं होती आणि अगदी शेवटी, खाडीपलीकडच्या टोकावर, आईचं.

धाकटा ताइस्तो खाणीच्या लोहारखान्यात होता. त्यानं मोडीतलं एक जाडजूड पातं आणलं, तापवून वाकवलं आणि ट्रकच्या नाकाला बसवलं. पातं वर-खाली करायला केबिनमध्ये, उजव्या सीटपाशी, हातानं मारायचा पंप होता. त्यामुळे हे काम एकट्याचं नव्हतंच. ओन्नी डावीकडे बसून चालवायचा. लांबलचक बॉनेटमुळे त्याला उजवी कड दिसायची नाही. ती ताइस्तोनं सांगायची आणि पंपही त्यानंच मारायचा. मागे वजनाला ओंडके, चाकांना साखळ्या. सकाळी त्या साखळ्यांचा खळखळाट चौफुलीपाशी ऐकू आला की बायका चुलीवर कॉफी चढवायच्या. प्रत्येक दारी कॉफी आणि वेलचीचा पाव. रस्ता साफ होईपर्यंत दोघांची पोटं टम्म. इतका रुबाब त्या गावात पाद्र्याचासुद्धा नव्हता.

मग सौनावरून बिनसलं.

आईच्या घरामागचं, वडिलांनी बांधलेलं जुनं सौना, म्हणजे वाफेच्या आंघोळीची खोली, धुराचं होतं, बिनधुराड्याचं. दगड तापेपर्यंत धूर आत कोंडायचा, मग दार उघडून तो घालवायचा आणि दगडांवर पाणी मारून वाफेत बसायचं. आम्ही तिघंही त्याच खोलीत जन्मलो, वडिलांना शेवटची आंघोळही तिथेच घातली. त्याच्या भिंतींचे खालचे ओंडके कुजले होते. एका उन्हाळ्यात ओन्नी लाकूडतोडीच्या छावणीवर गेलेला असताना ताइस्तोनं ते पाडलं आणि त्याच जागी नवं उभं केलं, धुराड्याचं, लोखंडी भट्टीचं. ओन्नी परत आला. नव्या भिंतीकडे त्यानं नुसतं पाहिलं.

"विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"म्हणून तर विचारायचं असतं!"

दुसऱ्या दिवशी ओन्नीनं पातं सोडवलं, ताइस्तोच्या अंगणात नेऊन टाकलं आणि म्हणाला, "तुझं लोखंड तुझ्यापाशी." तेव्हापासून बोलणं बंद. ट्रक एका अंगणात, पातं दुसऱ्या. त्या हिवाळ्यात शेजाऱ्यांनी ट्रॅक्टर आणि फावड्यांवर कसंबसं निभावलं. मी आईला सांगून पाहिलं, दोघांना बोलावून घे, कान उपट. आई म्हणाली, "माझ्या हातची ताकद आता ताक घुसळण्यापुरतीच राहिलीय, इर्या."

फेब्रुवारीत मोठं वादळ आलं. थांबलं तेव्हा माझ्या घराच्या खालच्या खिडक्या बुजल्या होत्या. माझं घर गावात, खाडीच्या अलीकडे. सकाळी उठलं की पाण्यापलीकडे आईच्या धुराड्याचा धूर दिसायचा, हा आमचा रोजचा रामराम. त्या दिवशी आभाळ स्वच्छ निळं होतं आणि पलीकडे धूर नव्हता. मी वाट पाहिली. शेगडीवरचं दूध उतू गेलं तरी मी खिडकीशीच.

स्की घालून मी पोचले असते. पण आई आजारी असली तर तिला आणणार कशी? मी ओन्नीकडे धावले. आईचा धूर दिसत नाही, एवढंच सांगितलं. त्यानं ट्रक सुरू केला आणि थेट ताइस्तोच्या अंगणात घातला.

ताइस्तो तिथे छातीइतक्या खड्ड्यात उभा राहून फावडं मारत होता. पातं अर्धं उघडं पडलं होतं. पलीकडे धूर नाही हे त्यानंही पाहिलं होतं.

दोघांनी मिळून पातं बसवलं. एकानं हात पुढे केला की दुसरा त्यात नेमका पाना ठेवायचा. मी मध्ये बसले आणि निघालो.

"त्याला सांग, पातं चार बोटं वर घे म्हणावं," ओन्नी म्हणाला.

"त्याला सांग, मला दिसतंय," ताइस्तो म्हणाला.

"अरे, मी काय टपाल आहे?" मी ओरडले. "आई तिकडे कशी असेल देव जाणे!"

ट्रक घुमत चालला होता, बर्फ उजव्या अंगाला लाटेसारखा उलटत होता. बर्चच्या झाडांपाशी, वळणावर वाऱ्यानं टेकाड रचलं होतं, बॉनेटपेक्षा उंच. ओन्नीनं मागे घेऊन धडक मारली. पुन्हा मागे, पुन्हा धडक. तिसऱ्यांदा ट्रक टेकाडावर चढला आणि खंदकाकडे घसरू लागला.

"उचल! उचल रे ताइस्तो!"

"उचललंय! डावीकडे घे, टोणग्या, डावीकडे!"

चाकांनी जमीन धरली आणि आम्ही पलीकडे उतरलो. ओन्नीनं कपाळ पुसलं. "टोणगा कोणाला म्हणालास?"

"ट्रकला," ताइस्तो म्हणाला.

आईच्या अंगणात पोचलो तर घराचं धुराडं जागेवर नव्हतं. स्प्रूसचं एक झाड छपरावर आडवं झालं होतं. आत चूल गार, बिछाना रिकामा, पांघरूणही नाही. ओन्नी "आई! आई!" करत घराच्या मागे धावला आणि तिथूनच आम्हाला त्याची हाक आली.

झाडांच्या आडोशाला असलेल्या सौनाचं दार उघडं होतं. आई सगळ्यात वरच्या फळीवर, पांघरुणात, पाय दुमडून बसली होती. खालच्या फळीवर तिच्या कोंबड्या. भट्टी विझलेली, पण दगड अजून ऊबदार होते.

"रात्री एकदा पेटवलं की दुपारपर्यंत पुरतं," ती म्हणाली. "उगाच लाकूड कशाला जाळायचं? आणि दार लावा. कोंबड्या गारठतील."

ओन्नी तिच्या पायाशी बसून रडू लागला. एवढी लढाई पाहिलेला माणूस. आईनं त्याच्या टोपीवरचा बर्फ झटकला.

"तुझ्या बापावर माझा जीव होता," ती म्हणाली, "पण त्याच्या सौनात मी या कोंबड्यांसकट गुदमरून मेले असते. समजलं? आता तुझ्या भावाला आत बोलाव. बाहेर उभा राहून तो आजारी पडेल."

ओन्नी दारात गेला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. दोघं आत आले आणि ताइस्तोनं भट्टीत लाकडं घातली.

आईला वसंतापर्यंत मी माझ्याकडे ठेवलं, कोंबड्यांसकट. पातं पुन्हा ट्रकवरून उतरलं नाही. पुढे कितीतरी हिवाळे ते दोघे भांडत, खात-पीत तो रस्ता उघडत राहिले. दोघांच्या मध्ये बसून मीही कधी कधी जायचे, काही काम नसताना. पेट्रोलचा वास, ओल्या लोकरी हातमोज्यांचा वास आणि दोन्ही बाजूंनी अखंड कुरकुर. तेवढी ऊब मला नंतर कुठल्याही हीटरच्या गाडीत मिळाली नाही.

ताइस्तो आधी गेला, छातीच्या दुखण्यानं. त्यानंतरच्या हिवाळ्यात पंपावर मी बसले. माझे हात तोकडे पडायचे, पण ओन्नी कधी ओरडला नाही आणि तेच मला सहन व्हायचं नाही. मग नवा कायदा झाला, सरकारी गाडी शेवटच्या घरापर्यंत यायला लागली. नारिंगी, चकचकीत, आत एकच माणूस.

पहिल्या दिवशी ती गेली तेव्हा ओन्नी फाटकाशी उभा होता. साफ झालेला रस्ता त्यानं खालपासून वरपर्यंत न्याहाळला.

"चांगलं काढलंय," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "फक्त उजवी कड सांगायला कोणी नाही त्याला."